दारापर्यंत सोबत: नव्याने मेंटॉर झालेल्या प्राध्यापकांसाठी

विभागप्रमुख एक यादी हातात देतात, "हे वीस विद्यार्थी तुमचे" म्हणतात आणि रजिस्टरवर सही घेतात. मेंटॉरने नेमकं काय करायचं, ते त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, हजेरी आणि बॅकलॉग यांच्या नोंदी ठेवल्या की झालं.

त्याच वर्षी एक मुलगी येऊन सांगून गेली की रात्री झोप लागत नाही, वर्गात बसवत नाही. मी मन लावून ऐकलं, समुपदेशन केंद्राचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात पुढच्या तासाला गेले. तीन आठवड्यांनी ती दिसली ती प्रवेश रद्द करायचा अर्ज हातात घेऊन, कार्यालयाच्या रांगेत. माझी चिठ्ठी तिच्या मोबाइलच्या कव्हरमागे घडी घालून ठेवलेली होती. "मॅडम, तीनदा नंबर लावला. रिंग वाजायच्या आत कट केला."

चिठ्ठी आणि समुपदेशकाची खुर्ची यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच मेंटॉरचं काम. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या अंतराबद्दल आहे.

१. यादी उघडण्याआधी

तुम्ही उपचार करणार नाही, निदानही करणार नाही. "हे डिप्रेशन आहे" किंवा "हा नुसता आळस आहे" ही दोन्ही वाक्यं आपल्या अधिकारातली नाहीत. आपल्याकडे असतो तो रोजचा सहवास. समुपदेशकाला विद्यार्थी आठवड्यातून फार तर एकदा, तेही ठरवून भेटतो. आपल्याला तो कँटीनच्या कोपऱ्यात, शेवटच्या बाकावर, व्हायवाच्या रांगेत दिसतो. बदल आधी आपल्याच नजरेला पडतो.

आणि बदल याच वयात घडायची शक्यता जास्त असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात असं दिसलं की आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या आजाराची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत, तर तीन-चतुर्थांशांची २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे विद्यापीठाची वर्षं बरोबर त्या पट्ट्यात येतात. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, तर हा आकडा सांगा. आमच्या वेळीही होतंच, फक्त ती मुलं तिसऱ्या सेमिस्टरनंतर दिसेनाशी व्हायची आणि कुणी विचारायचं नाही.

२. वाट आधी स्वतः चालून या

सेमिस्टर सुरू व्हायच्या आठवड्यात एक तास काढा आणि समुपदेशन केंद्रात स्वतः जा. कोणत्या मजल्यावर आहे? दारावरची पाटी किती मोठी आहे? (आमच्याकडे ती इतकी मोठी होती की आत जाणारा कोण आहे ते अख्ख्या आवाराला कळायचं.) आत गेल्यावर पहिल्यांदा कोण भेटतं, नाव मोठ्याने विचारतात का, फॉर्ममध्ये काय भरायला लावतात, भेटीची वेळ किती दिवसांनी मिळते? फी आहे का? किती भेटी मिळतात? समुपदेशकाचं नाव काय आणि ते बोलायला कसे आहेत?

इतकं माहीत असलं की पुढे विद्यार्थ्याला "समुपदेशनाला जा" एवढंच सांगून थांबायची वेळ येत नाही. "दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला तिसरी खोली. तिथे एक पानाचा फॉर्म असतो, त्यातलं काय लागू आहे त्याच्यावर खूण करायची. पहिल्या भेटीत साधारण पाऊण तास नुसत्या गप्पाच होतात," असं सांगता येतं. घाबरलेल्या माणसाला सल्ल्यापेक्षा नकाशाचा जास्त उपयोग होतो.

सोबत तीन नंबर फोनमध्ये साठवा: तुमच्या भागातली आपत्कालीन सेवा, वसतिगृहाचे अधीक्षक आणि आत्महत्या-प्रतिबंधासाठी चालणारी एखादी अधिकृत हेल्पलाइन. हेल्पलाइनला एकदा स्वतः फोन करून बघा. रात्री चालू असते का, कोणत्या भाषेत बोलतात, हे त्या एका फोनवर कळतं. बंद पडलेले नंबर कित्येक सूचनाफलकांवर वर्षानुवर्षं झळकत असतात.

३. पहिले दोन आठवडे

वीसही जणांना एकेकटं भेटा, दहा-दहा मिनिटं. काही बिघडलेलं नसताना झालेली ही भेट पुढे बिघडल्यावर कामी येते. कुठे राहतोस, कुणाबरोबर, या शहरात नवीन आहेस का, कॉलेजबाहेर काय करतोस, हा विषय स्वतः निवडलास की निवडला गेला? शेवटच्या प्रश्नावर जे हसू येतं त्यातून पुष्कळ कळतं.

याच भेटीत गुप्ततेबद्दल बोलून घ्या. "तू सांगितलेलं माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं किंवा कायद्यानेच कळवणं भाग असलं, तर मला दुसऱ्याला सांगावं लागेल, आणि तेव्हा आधी तुला सांगून मगच सांगेन." हे वाक्य आधी न बोलता पुढे तशी वेळ आली, तर तो विश्वासघात ठरतो. घरच्यांपैकी कुणाला फोन केलेला चालेल, तेही आत्ताच विचारा. काहींच्या बाबतीत घर हाच त्रास असतो आणि फॉर्मवरचा पालकांचा नंबर लावणं म्हणजे आगीत तेल ओतणं होऊ शकतं.

४. कशावर नजर ठेवायची

लक्षणांच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. मी एकच गोष्ट बघते: हा विद्यार्थी आधीच्या स्वतःपेक्षा वेगळा वागतोय का? मुळातच गप्प असलेली मुलगी गप्प आहे, ठीक आहे. रोज पहिल्या बाकावरून प्रश्न विचारणारा मुलगा दोन आठवडे गप्प आहे, तर थांबून बघायला हवं. दोन आठवडे हा अंदाज हवेतला नाही. नैराश्याचं निदान करतानाही डॉक्टर जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकलेली लक्षणं धरतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं टेन्शन, प्रेमभंगानंतरचे चार दिवस रडणं, हे दुखणं खरंच असतं, पण ते आजार असेलच असं नाही.

डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टी साध्याच असतात. सकाळच्या तासांना सतत दांडी, अंगावर तेच कपडे, सबमिशन थोडं उशिरा येण्याऐवजी मुळीच न येणं, मेसमध्ये न दिसणं, ग्रुपमधून एकेक करून बाहेर पडणं, रात्री तीन वाजता पाठवलेले लांबच लांब ई-मेल. रागही बघा. मुलं पुष्कळदा रडत नाहीत, भांडतात. हुशार विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्या, कारण त्यांचे गुण सगळ्यात शेवटी घसरतात आणि तोवर आपण निर्धास्त असतो.

एक गोष्ट मात्र वेगळी आणि तातडीची आहे. विद्यार्थी दिवसचे दिवस झोपत नसेल, कुणीतरी पाळत ठेवतंय असं म्हणत असेल, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकत असेल किंवा अचानक अफाट योजना आणि अफाट खर्च सुरू झाला असेल, तर गप्पांमध्ये वेळ घालवू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवा. असे आजारही अनेकदा ऐन विशीच्या आसपास पहिल्यांदा उघड होतात आणि लवकर सुरू झालेल्या उपचारांनी पुढचा मार्ग बराच सोपा होतो.

५. बोलायला कसं बसायचं

दारात एक मुलगा प्रॅक्टिकलची फाइल छातीशी धरून उभा. "मॅडम, सबमिशनला दोन दिवस वाढवून मिळतील?"

मी "बरं" म्हणणारच होते. मग विचारलं, "दोन दिवसांत होईल ना?"

तो फाइलच्या कोपऱ्याची निघालेली पट्टी नखाने दाबत राहिला. "माहीत नाही."

खरा प्रश्न त्या "माहीत नाही"मध्ये होता. त्याला दोन दिवस नको होते, कुणीतरी थांबवून विचारायला हवं होतं. मुलं थेट मदत मागत नाहीत. मुदतवाढ मागतात, हजेरीचं विचारतात, "सर्टिफिकेट कधी मिळेल" म्हणून येतात. क्षुल्लक कामासाठी कुणी जरा जास्तच वेळ दारात रेंगाळलं, तर खुर्ची पुढे करा.

दार लोटून घ्या पण कडी लावू नका, फोन उलटा ठेवा, टेबलाच्या पलीकडे न बसता कोपऱ्याला बसा. सुरुवात जे पाहिलं तेवढ्यावरच करा: "गेल्या तीन आठवड्यांत तू सोमवारचा एकही तास केला नाहीस आणि आज डोळे सुजल्यासारखे दिसतायत. काय चाललंय?" हे "तुला काही प्रॉब्लेम आहे का?" यापेक्षा कितीतरी बरं. त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी "नाही मॅडम" असंच येतं.

मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड, कारण आपला धंदाच बोलण्याचा. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा सातआठच्या आसपास समोरचा बोलायला लागतो.

काय टाळायचं तेही सांगते, कारण या सगळ्या चुका मी केलेल्या आहेत. "यापेक्षा वाईट परिस्थितीत मुलं शिकतात." "सकारात्मक विचार कर." "आमच्या घरी तर…" आणि सगळ्यांत फसवं, "मला कळतंय तुझं." नाही कळत. "सांग, मला नीट समजून घ्यायचंय" म्हटलं तर तो आणखी सांगतो. मध्येच उपाय सुचवण्याची उबळ येईल, ती आवरा. अर्धा तास ऐकल्यावर "यातलं सगळ्यात जड काय वाटतंय?" एवढं विचारलं तरी गुंता थोडा सुटतो.

बोलता बोलता पॅनिक अटॅक आला, म्हणजे छातीत धडधड, हात बधिर, श्वास पुरत नाही, "मी मरतोय" अशी भीती, तर शांत आवाजात सोबत बसून राहा. हा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग ओसरतो. श्वास सावकाश सोडायला सांगा, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. पाय जमिनीला टेकलेत ते जाणवतंय का, खोलीत निळ्या रंगाच्या कोणत्या वस्तू दिसतायत, असं काहीतरी विचारा. मात्र असं पहिल्यांदाच होत असेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर ते पॅनिक आहे असं आपणच ठरवू नका. डॉक्टरला दाखवा.

ऑस्ट्रेलियात २००० साली बेटी किचनर या परिचारिका-शिक्षिका आणि अँथनी जॉर्म या संशोधकाने 'मेंटल हेल्थ फर्स्ट एड' नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. जखमेवर प्रथमोपचार शिकतो तसंच हेही सर्वसामान्य माणसाने शिकावं, ही त्यामागची कल्पना. आता ते अनेक देशांत दिलं जातं. संधी मिळाली तर करा. ऐकणं शिकावं लागतं हे मला तशाच एका वर्गात कळलं.

६. तो एक प्रश्न

"आता काही अर्थ उरला नाही", "मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल", आवडत्या वस्तू वाटून टाकणं, खूप दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी शांत होणं: यातलं काही दिसलं की सरळ विचारायचं. "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" याच शब्दांत.

विचारल्याने डोक्यात कल्पना घुसेल ही भीती मलाही होती. या विषयावरचा अभ्यास तसं सांगत नाही. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट अनेकांना सुटल्यासारखं होतं. "तसलं काही डोक्यात नाही ना?" असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नात "नाही" हे उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं.

उत्तर "हो" आलं तर चेहरा शांत ठेवा, "बरं झालं सांगितलंस" म्हणा आणि पुढचं विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन जवळ आहे का? कधी, हे ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न केला होता का? योजना आणि साधन दोन्ही असेल तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमपर्यंतही नाही. आपत्कालीन सेवेला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात घेऊन जा, साधन दुसऱ्याकरवी दूर करा, त्याने आधी सांगितलेल्या घरच्या माणसाला कळवा. तीव्र आवेग पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरतो, म्हणून त्या वेळात माणूस आणि साधन यांच्यात अंतर पडणं जीव वाचवू शकतं.

"कुणाला सांगू नका, शपथ घ्या" असं म्हणाला तर शपथ घेऊ नका. पहिल्या भेटीतल्या त्या वाक्याची आठवण करून द्या.

७. दारापर्यंत

आता ती चिठ्ठी. देऊ नका. त्याच्यासमोर फोन लावा, स्पीकरवर ठेवा, वेळ ठरवा. "मी सोबत येऊ का बाहेर बसायला?" असं विचारा. निम्मे "नको" म्हणतील, तरी विचारा. ठरलेल्या दिवशी सकाळी एक ओळीचा मेसेज: "आज तीन वाजता. मी जिन्यापाशी असेन." मी अशी कित्येकांबरोबर दोन मजले चढले आहे आणि दारापाशी थांबून परत फिरले आहे. जाताना विषय क्रिकेटचा चालतो, पावसाचा चालतो, दुसरा कशाचाही चालतो.

काहींना केंद्राआधी स्वतःच चाचपून बघायचं असतं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते: ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाला भेटणं योग्य. पण ही चाळणी आहे, निदान नाही. आणि नवव्या प्रश्नाला, जो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर एकूण बेरीज बघत बसू नका, वरची सहावी पायरी धरा.

८. नंतरचे आठवडे

पहिल्या भेटीनंतर पुष्कळजण गळतात. "ते काही बोललेच नाहीत, नुसतं विचारत होते." समुपदेशक आणि विद्यार्थी यांचं जमणं महत्त्वाचं असतं. नाही जमलं तर दुसऱ्याकडे जाता येतं, यात कुणाचा अपमान नाही, हे सांगा. आत काय बोलणं झालं ते विचारू नका. "पुढची तारीख कधीची?" एवढं पुरे.

औषधं सुरू झाली तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक पडायला त्याहून जास्त, आणि मळमळीसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतात. म्हणजे मधल्या काळात माणसाला नुकसानच दिसतं आणि तो गोळ्या टाकून देतो. दुसरी गोष्ट, २५ वर्षांखालच्या रुग्णांवर सुरुवातीच्या आठवड्यांत बारीक लक्ष ठेवायला सांगितलं जातं, कारण काहींच्या बाबतीत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अस्वस्थता वाढलेली दिसली तर डॉक्टरला लगेच कळवायचं. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, बरं वाटल्यावरही नाही.

दर आठवड्याला दोन मिनिटं, ठरलेल्या वारी. मी तारीख आणि पाहिलेली घटना एवढीच वहीत टिपते: "१२ तारीख, प्रॅक्टिकलला आला, जेवला नव्हता." आजाराची नावं त्या वहीत लिहीत नाही.

९. अभ्यासाची घडी

समुपदेशक मनाचं बघेल, पण सहा पेंडिंग असाइनमेंट्सचं ओझं त्याला उतरवता येत नाही. ते आपल्या हातात आहे. विद्यार्थ्याबरोबर बसून यादी करा, कोणतं सोडून देता येईल, कोणाची मुदत वाढेल, कोणत्या प्राध्यापकांशी तुम्ही बोलाल. नियमात सेमिस्टर थांबवायची सोय असेल तर तिची शेवटची तारीख आधी बघून ठेवा. ती तारीख उलटल्यावर सगळ्यांना आठवते.

झोपेचं मी प्रत्येकाला विचारते. १८ ते २५ वयात ७ ते ९ तास लागतात. कॉफीतलं कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच पाचएक तास घेतं, म्हणून रात्री नऊची कॉफी दोन वाजताही अंगात असते. रात्रभर जागून वाचलेलं सकाळी आठवत नाही, हे विद्यार्थ्यांना पटवणं मात्र मला आजवर जमलेलं नाही. उठण्याची वेळ ठरवून घेणं त्यातल्या त्यात जमतं.

आणि विभागाच्या बैठकीत एकदा तरी बोला. चार विषयांची सबमिशनं एकाच शुक्रवारी का? निकाल रात्री अकराला का लावायचा, जेव्हा जवळ कुणीच नसतं? कॅनडात २०१५ साली मांडलेली 'ओकानागन सनद' हेच सांगते की विद्यार्थ्यांचं आरोग्य एका केंद्रावर सोपवून भागत नाही, ते अभ्यासक्रमात आणि कारभारात विणलेलं असावं लागतं. आमच्या विभागात एवढंच झालं: सबमिशनच्या तारखा आता भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर लिहाव्या लागतात. भांडणं होतात, पण तिथेच होतात.

१०. विभागात आत्महत्या घडली तर

तपशील, पद्धत, चिठ्ठीतला मजकूर, काहीही ग्रुपवर टाकू नका, फोटो तर नाहीच. डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ सालीच दाखवलं होतं की आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात. वर्गात समोरासमोर, छोट्या गटांत, थोडक्यात सांगा आणि मदत कुठे आहे ते सांगा. खोलीतले सोबती, जवळचे मित्र आणि ज्यांनी आधी कधी प्रयत्न केला होता, त्यांना त्याच दिवशी एकेकटं गाठा.

११. तुमचं काय?

रात्री दहानंतर मी फोन उचलत नाही, आणि हे मुलांना पहिल्याच भेटीत सांगते, हेल्पलाइनच्या नंबरासकट. ज्या दिवशी ऐकलेलं जड होतं, त्या दिवशी नाव न घेता समुपदेशकाशी दहा मिनिटं बोलून घरी जाते. एका वेळी तीनचारहून जास्त विद्यार्थी नाजूक अवस्थेत असतील तर विभागप्रमुखांना सांगा, वाटून घ्या.

१२. सुट्टी लागण्याआधी

सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं, केंद्राच्या वेळा बदलतात, आणि काहीजण नेमके त्या घरी जातात जिथून ते पळून आले होते. शेवटच्या आठवड्यात ज्यांच्याकडे लक्ष हवं त्यांना बोलवा: सुट्टीत कुठे असशील, गोळ्या किती दिवसांच्या आहेत, तिकडे कुणाशी बोलशील? पुढच्या वर्षी मेंटॉर बदलणार असेल तर कोणती माहिती पुढे द्यायची ते त्यालाच विचारा, आणि शक्य असेल तर नव्या मेंटॉरची ओळख समोरासमोर करून द्या.

फाइलवाला मुलगा अशाच शेवटच्या आठवड्यात आला होता. सबमिशन अजून अर्धंच होतं. पट्टी मात्र चिकटवून घेतली होती. "मॅडम, सुट्टीत केंद्र मंगळवारी आणि शुक्रवारी उघडं असतं. मी विचारून आलोय."